पाच तारे आणि पाचवं व्रत



उन्हाळा जवळ आला की महिला मंडळात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "सरकारने त्या ताऱ्यांच्या नादात पंखे, फ्रिज सगळंच महाग करून ठेवलंय." दुसरं, "आम्ही बाई फाइव्ह स्टारच घेतो, मग बिलाची काळजी नाही." पहिलीला वाटतं, तारे म्हणजे ग्राहकाला लुबाडण्याची नवी युक्ती. दुसरीला वाटतं, तारे विकत घेतले की आपलं कर्तव्य संपलं. माझं म्हणणं असं की दोघीही चुकतात, आणि दोघींच्या चुकीची किंमत तिसराच कुणीतरी भरतो. आज त्याबद्दल स्पष्ट लिहिते. रागावू नका, पण पूर्ण वाचा.

कायद्याने केलं काय?

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला. त्याखाली 2002 मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, ही संस्था आली आणि 2006 पासून उपकरणांवर ताऱ्यांचं लेबल लागू लागलं. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं. ज्याचा माल चांगला, तो लेबल लावायचा. ज्याचा वाईट, तो लावायचाच नाही. 2010 पासून फ्रॉस्ट फ्री फ्रिज, एसी आणि ट्यूबलाइटला ते सक्तीचं झालं. एलईडी बल्बला 2018 पासून. आणि आपल्या प्रत्येक खोलीत गरगरणाऱ्या छताच्या पंख्याला मात्र थेट 1 जानेवारी 2023 पासून.

सक्ती म्हणजे नुसतं लेबल चिकटवणं नव्हे. एका ताऱ्याचीही पात्रता नसलेला माल विकायलाच बंदी. पंख्याचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यात सोपं आहे. एका वॅटमागे पंखा किती वारा देतो, याचा एक आकडा असतो. नेहमीच्या 48 इंची पंख्याला एक तारा हवा तर हा आकडा किमान 4 लागतो, पाच तारे हवे तर किमान 6. याचा व्यवहारातला अर्थ असा : आपल्या घरातले जुने पंखे 75 वॅटच्या आसपास घेतात. आजचा एक ताऱ्याचा पंखा तेवढाच वारा साधारण 50 वॅटमध्ये देतो आणि पाच ताऱ्यांचा बीएलडीसी पंखा 30 ते 35 वॅटमध्ये.

म्हणजे कायद्याने 75 वॅटचा पंखा दुकानातून हद्दपार केला. कायदा नसता तर काय झालं असतं? तोच पंखा सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात पुढच्या रांगेत टांगलेला असता. भाडेकरूने, नव्या जोडप्याने, घरकामाला येणाऱ्या मावशींनी तोच घेतला असता. दुकानदार तीनशे रुपये वाचवून देतो ते दिसतं. पुढची पंधरा वर्षं मीटर दर महिन्याला काय काढून घेतो, ते दुकानात दिसत नाही. ग्राहकाला जे दिसत नाही ते बाजार सुधारत नाही, ही साधी गोष्ट आहे. लेबल म्हणजे त्या न दिसणाऱ्या किमतीला दिलेली पाटी.

महाग झालं का?

झालं, थोडं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब अर्धा करायचा नसतो.

पंखा दिवसाला बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस चालतो असं धरा. 3600 तास झाले. 75 आणि 30 वॅटमधला फरक 45 वॅटचा. वर्षाचे 162 युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर जवळजवळ तेराशे रुपये. साधा पंखा आणि बीएलडीसी पंखा यांच्या किमतीत फरक असतो साधारण हजार-बाराशेचा. म्हणजे जुना पंखा बिघडून नवा घ्यायचाच असेल, तर वरचे पैसे वर्षभरात वसूल. आजच्या एक ताऱ्याच्या पंख्याशी तुलना केली तर फरक 20 वॅटचा, वर्षाला 72 युनिट, पावणेसहाशे रुपये. तिथे दोन वर्षं लागतात. नंतरची सगळी वर्षं फायद्याची.

आणि आपल्या बिलात टप्पे असतात हे विसरू नका. शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत चढा दर, पुढे आणखी चढा. वाचणारे युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात.

कायमची महागाई होते, हेही खरं नाही. अमेरिकेतला फ्रिज 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला अठराशे युनिटच्या आसपास वीज खायचा. आधी कॅलिफोर्नियाने आणि 1987 च्या कायद्याने साऱ्या देशाने मानकं लावली, ती पुन्हा पुन्हा कडक केली. 2000 च्या सुमाराला तोच फ्रिज पाचशेच्या आसपास आला. आकाराने मोठा झाला, महागाई धरून किंमत कमी झाली. प्रत्येक वेळी कारखानदार म्हणाले होते की परवडणार नाही. आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांच्या घरात लटकतंय. सरकारने उजाला योजनेसाठी एलईडी बल्ब घाऊक घ्यायला सुरुवात केली तेव्हा 2014 मध्ये एका बल्बची खरेदी किंमत 310 रुपये होती. 2016 मध्ये ती 38 रुपयांवर आली. मानक ठरलेलं आणि मागणी एकगठ्ठा, की कारखाना स्वस्तात करायला शिकतो. मागणी विखुरलेली आणि मानक ढिलं, की तो घोषणा आणि रंगीत पाती विकतो.

धर्माचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बहुतेक रोज स्वाध्याय करणाऱ्या असतात. म्हणून उत्तर शास्त्राच्याच भाषेत देते.

वीज सचित्त की अचित्त, यावर आपल्या संप्रदायांत वाद आहे. तो मुनिमहाराजांचा आणि विद्वानांचा विषय, मी त्यात पडत नाही. पण तारेतल्या विजेबद्दल काहीही मत असो, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो तो अग्नीच आहे, त्याबद्दल कुणाचा वाद आहे? आपण बटण दाबतो तेव्हा ज्वाला दिसत नाही एवढंच. एक युनिट औष्णिक वीज करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तो कोळसा जमीन फोडून काढावा लागतो. चंद्रपूरकडच्या खाणी ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नाहीत. केंद्राला पाणी लागतं, राख कुठेतरी टाकावी लागते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्यात राहणारे त्रस जीव. सहाही काय आले की नाही?

"भट्टीत कोळसा आम्ही थोडाच टाकतो?" नाही टाकत. पण कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. करणं, करवणं आणि केलेल्याला संमती देणं. बटण दाबणं हे करवणंच आहे.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. चूल पेटणार, पाणी तापणार, उन्हाळ्यात पंखा फिरणार. म्हणून तर श्रावकाला महाव्रतं नाहीत, अणुव्रतं आहेत. पण जिथे प्रयोजन नाही तिथल्या हिंसेला सवलत नाही. तिला अनर्थदंड म्हणतात आणि तिच्यापासून विरती हे गुणव्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या, म्हणजे माती, पाणी, अग्नी आणि वारा यांचा निष्फळ आरंभ. अग्नी आणि वारा! गिझर आणि पंखा याहून वेगळं काय आहे?

आता मघाचे 162 युनिट पुन्हा आठवा. वारा तेवढाच मिळतो. अंगाला लागणाऱ्या गारव्यात काडीचा फरक नाही. ते 45 वॅट मोटर तापवण्यात जातात. ती सगळी वीज कोळशावरची धरली तर एका पंख्यामागे वर्षाला एक क्विंटल कोळसा निव्वळ वाया. यात प्रयोजन कोणतं? निष्प्रयोजन हिंसेचं इतकं चोख, आकड्यात मोजता येणारं उदाहरण दुसरं कुठे सापडणार? आपण भाजीतली अळी शोधायला दहा मिनिटं देतो, पाणी गाळून जीवाणी जपून परत सोडतो. तो यत्नाचार खरेदीच्या दिवशी लेबल वाचायला पाच मिनिटं का देत नाही?

पण तारे म्हणजे पुण्य नव्हे

आता दुसऱ्या मैत्रिणीकडे वळते. "फाइव्ह स्टारच घेतो" म्हणणारीकडे.

तारे काय मोजतात, हे समजून घ्या. ते उपकरणाची तुलना त्याच्याच जातीच्या, त्याच्याच आकाराच्या भावंडांशी करतात. तुमच्या गरजेशी नाही. दोन टनाच्या एसीला पाच तारे असले तरी त्याच खोलीत एक टन पुरत असेल तर काय उपयोग? फ्रिजच्या लेबलवर ताऱ्यांशिवाय आणखी एक आकडा असतो, वर्षाला लागणाऱ्या युनिटचा. दुकानात गेलात की तो वाचा. सिंगल डोअरचा साधा, तीन ताऱ्यांचा फ्रिज वर्षाला दोनशे युनिटच्या आत दिसेल. दोन कपाटांएवढा साइड बाय साइड फ्रिज तारे मिरवत असूनही त्याच्या दुपटीच्या पुढे दिसेल. बाजाराला हे फार सोयीचं आहे. तारा दाखवून मोठं माप विकता येतं, आणि घेणारीला वाटतं आपण पर्यावरण वाचवलं.

आपल्या घरात एवढा मोठा फ्रिज हवा कशाला, हे मला खरंच कळत नाही. पिठाची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. शिजलेल्या अन्नाची मर्यादा तर तासांत मोजायची. रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी. कंदमुळं नाहीत. ही शिस्त पाळणाऱ्या चार माणसांच्या घरात दूध, दही, तूप, भाजी आणि फळं सोडून फ्रिजमध्ये ठेवायचं काय? ज्या घरात फ्रिज मोठा, त्या घरात मर्यादा हळूहळू सैल होते, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. जागा रिकामी दिसली की उरलेलं आत जातं.

गिझरची गोष्ट आणखी मजेची. साठवणीच्या गिझरवरचे तारे पाणी तापवायला किती वीज लागते हे सांगतच नाहीत. तापलेलं पाणी तसंच ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता गळते, तेवढंच ते सांगतात. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतात. तारा एक असो वा पाच, निसर्गाचा नियम बदलत नाही. म्हणजे सकाळी पंधरा मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात ताऱ्यांना फारसा अर्थ नाही, पाण्याच्या मापाला आहे. आणि जे घर गिझर दिवसभर चालू ठेवतं, त्याला पाच तारेसुद्धा वाचवू शकत नाहीत.

तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंडव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा, उपभोगपरिभोगानर्थक्य. गरजेपेक्षा जास्त भोगसामग्री जमवणं. बीईईचं लेबल हा अतिचार टाळू शकत नाही. ते काम पाचव्या व्रताचं, परिग्रहपरिमाणाचं. म्हणून क्रम असा हवा : आधी संख्या आणि माप ठरवा, मग तारे बघा. उलट क्रमाने गेलात तर सहा खोल्यांत सहा पाच-तारांकित एसी लागतील आणि बिल बघून तुम्ही मानकांना शिव्या द्याल.

याच न्यायाने, घरातला प्रत्येक जुना पंखा आजच काढून फेका असंही मी म्हणणार नाही. नवा पंखा करतानाही हिंसा होते. जो बारा तास चालतो तो बदला. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून आठ दिवस फिरतो तो राहू द्या.

बिल भरणारा वेगळा असतो तेव्हा

मानकांची खरी गरज कुठे आहे सांगू? जिथे विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असतो तिथे. बिल्डर पंखे बसवून देतो, बिल राहणारा भरतो. घरमालक गिझर लावतो, बिल भाडेकरू भरतो. अशा ठिकाणी "ग्राहकाला निवडू द्या" हा युक्तिवाद फोल आहे, कारण निवडणाऱ्याला तोटाच होत नाही.

आणि हाच प्रकार आपल्या मंदिरांत आणि धर्मशाळांत चालतो. आईवडिलांच्या स्मरणार्थ पंखे दिले जातात, पात्यांवर नाव रंगवलं जातं. दहा हजारांत चारऐवजी सहा पंखे बसतात म्हणून स्वस्तातले घेतले जातात. नाव दात्याचं, बिल संस्थेच्या भांडारातून. सभागृहातल्या वीस जुन्या पंख्यांचा हिशेब करा. प्रत्येकी 45 वॅट जास्त, रोज सहा तास. महिन्याला 160 युनिटच्या वर. हे पैसे कुणी दान म्हणून दिलेले आहेत, आणि ते वारा न देणाऱ्या विजेवर जातात. दान देताना त्या दानाचा पुढचा भार कुणावर पडतो, हा विचार दात्याने करायचा नाही का?

तेच जुन्या फ्रिजचं. नवा आला की पंधरा-वीस वर्षांचा जुना फ्रिज कामवाल्या मावशींना दिला जातो आणि पुण्य केल्याचं समाधान मिळतं. त्या फ्रिजचं बिल कोण भरणार? ज्यांचा महिन्याचा वापर शंभर युनिटच्या आत होता, त्यांना आपण वरच्या टप्प्यात ढकलतो. द्यायचंच असेल तर छोटा, नवा, कमी युनिटचा फ्रिज घ्यायला हातभार लावा. जुना भंगाराच्या अधिकृत संकलनाला द्या.

मानकांकडूनही माझ्या तक्रारी आहेत

मी बीईईची वकील नाही. तीन गोष्टी मला खटकतात.

एक, तळाची पट्टी फार हळू वर सरकते. एसीचं कोष्टक 1 जुलै 2022 ला कडक झालं. आधी 4.5 गुणांकाला पाच तारे मिळत होते, मग 5 लागू लागले. कालचा पाच ताऱ्यांचा एसी आज चार ताऱ्यांचा झाला. हे चांगलंच आहे. पण पंख्यासारख्या गरिबाघरच्या वस्तूला सक्ती व्हायला 2023 का उजाडावं लागलं? जपानने 1998 मध्ये कायदा बदलून एक पद्धत आणली. बाजारातलं सगळ्यात उत्तम उपकरण बघायचं आणि ठरावीक वर्षांत इतरांनाही तिथे यायला लावायचं. आपल्यालाही तशी घाई हवी.

दोन, कर. पंख्यावर जीएसटी 18 टक्के, मग तारा एक असो की पाच. टक्केवारी सारखी म्हणजे महाग, चांगल्या पंख्यावर कराचे रुपये जास्त. एका हाताने तारे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावर जास्त वसुली करायची, हे कुठलं धोरण? चार आणि पाच ताऱ्यांच्या पंख्यांवर कर कमी करा, बाजार आपोआप वळेल.

तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, दुरुस्ती. जुना पंखा तीस वर्षं टिकायचा. कपॅसिटर गेला तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन काही रुपयांत बदलायचा, मोटर जळाली तर वाइंडिंग करून मिळायचं. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते गेलं की त्या इलेक्ट्रिशियनचा इलाज चालत नाही, कंपनीची वाट बघावी लागते आणि वॉरंटी संपली की अनेकदा नवाच पंखा गळ्यात पडतो. लेबल फक्त वीज मोजतं, आयुष्य मोजत नाही. पाच वर्षांत भंगारात जाणाऱ्या पंख्याला पाच तारे देणं म्हणजे एका दाराने हिंसा कमी करून दुसऱ्या दाराने आत घेणं. सुटे भाग किती वर्षं मिळतील, हेही लेबलवर छापायला लावा.

लक्षात घ्या, या तिन्ही तक्रारी मानकं जास्त करा अशा आहेत, काढून टाका अशा नाहीत.

आपण काय करायचं

येत्या दशलक्षण पर्वात संयम आणि आकिंचन्य यांवर प्रवचनं होतील. त्याआधी एवढं करा. घरातल्या उपकरणांची यादी करा, संख्या ठरवा आणि तिचं परिमाण घ्या. खरेदीला जाल तेव्हा ताऱ्यांच्या जोडीने युनिटचा आकडा वाचा. मंदिराच्या कमिटीला एक ओळीचा ठराव सुचवा : यापुढे पंखा दान घ्यायचा तर पाच ताऱ्यांचाच घ्यायचा, आणि दात्यांकडून वस्तूऐवजी रक्कम घेऊन खरेदी एकत्र करायची. उजालाचा बल्ब ज्या रीतीने 310 वरून 38 वर आला तीच रीत आहे. वीस घरं आणि एक मंदिर मिळून पन्नास पंखे घ्यायला गेलात की दुकानदार भाव आणि दुरुस्तीची हमी दोन्ही देतो. एकटीला तो फक्त कॅटलॉग देतो.

आणि "सरकारने महाग केलं" म्हणणाऱ्या मैत्रिणीला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका आहोत. वर्षाचा ताळेबंद आपल्याला समजत नाही, असं कुणी म्हणू नये.

जय जिनेंद्र.